उलटा दांडा

चादरीवर, दिव्याखाली, आज एकेचाळीस.
त्यातले एकोणीस वाळल्या गवताच्या रंगाचे,
आणि कुणीच आपलं नाव सांगायला तयार नाही.

पुस्तकात यांचं पान म्हणजे
सख्ख्या भावांचा फोटो.
हा जरा फिका, पंखाच्या काठाला काळे ठिपके.
हा धुरकट; पण तोही पहिलाच असू शकतो,
असं खाली बारीक अक्षरात.

तिसा नदीनं सोडून दिलेलं हे वळण.
नदी आता येत नाही, पाणी मात्र राहिलंय,
आणि पाण्यात पुरुषभर पाणकणीस.
एतेल्का नेनी ऑगस्टात ते कापते,
चटयांसाठी, टोपल्यांसाठी.
(सगळं गाव तिला नेनी म्हणतं, मावशी म्हणावं तसं.)
कापता कापता काही दांडे तशीच सोडते.
मधलं पान पिवळं दिसलं
की तिचा विळा वळसा घालतो.
"आत भाडेकरू आहे," म्हणते.

त्यातला एक मी घरी आणला,
ब्लेडनं हळूच चिरला.
कोष. बोटाच्या दोन पेरांएवढा, चिंचोक्यासारखा चकाकणारा.
दांडा बरणीत उभा केला. वहीत लिहिलं:
डोकं वर.
म्हणजे ती दुसरी जात! इकडे कुणी पाहिलेली नाही.
सेगेदच्या संग्रहालयाला पत्र लिहायला घेतलं,
"महोदय" पाशी पेन जरा थरथरलं.

टोपली द्यायला नेनी आली,
बरणीकडे बघून खुदकन हसली.
"व्हेंडेल, दांडा उलटा ठेवलायस.
पानाची बगल आभाळाकडे उघडते.
ही बघ, जमिनीकडे उघडलीय."

तिनं दांडा फिरवला.
माझी दुर्मीळ जात अर्ध्या क्षणात
घरोघरची झाली.

मग ती बसली, आणि पुस्तकाला न विचारता
सांगत गेली. हिवाळाभर अंडं,
वाळक्या पानाच्या घडीत,
खाली बर्फ कुरकुरत असताना.
एप्रिलात केसाएवढी अळी.
खाते, फुगते, घर तोकडं पडतं,
रात्रीतून जाड दांड्यात बिऱ्हाड हलवते.
शेवटच्या घरात निजण्याआधी
भिंतीला आतून खिडकी कुरतडते,
आरपार नाही,
कांद्याच्या पापुद्र्याएवढी भिंत ठेवून.

इथं मी मध्येच बोललो: पतंगाला दात नसतात.
"हो ना," ती म्हणाली, "म्हणून तर.
दात आहेत तोवर दार करायचं.
आणि मग त्या दाराकडे डोकं करून
उलटं व्हायचं."

उलटं नाही, तिनंच दुरुस्त केलं.
तिची आई सुईण होती.
डोकं खाली ते सरळ.
डोकं वर ते पायाळू.
"तू पायाळू. तुझी आई दोन रात्री
माझ्या आईचा हात धरून होती.
मी चौदा वर्षांची. पाणी तापवत होते.
तिच्या नखांचे वण आईच्या मनगटावर
पुढच्या कापणीपर्यंत होते."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं.
आईनं तर नाहीच,
आणि आता तिला जाऊन सहा वर्षं झाली.
नेनीनं टोपलीचे पैसे मोजून घेतले,
एक नाणं परत दिलं, जास्त झालं म्हणून.

अकराव्या रात्री पापुद्रा फाटला.
आवाज झाला असेल, मला आला नाही.
दांड्याला धरून एक ओलं, चुरगळलेलं काहीतरी
आपल्या पंखांची वाट बघत होतं.
फिकट. काठाला काळे ठिपके.
दिवा मालवला, पंख वाळेस्तोवर
अंधारात बसून राहिलो.

सकाळी बरणी रिकामी, खिडकी उघडी.
वहीतलं "डोकं वर" खोडलं.
त्याखाली जात, ठिकाण, तारीख.
त्याखाली, कुठल्याच रकान्यात बसत नसताना,
दोन रात्री.